पद्मिनीला पॉइंटऐवजी मॉड्यूल: कुठलं घ्यायचं, आणि त्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1986 ची पद्मिनी, गाडी साताऱ्यात गोडोलीला असते, महिन्यातून एकदा-दोनदा मेढ्यामार्गे महाबळेश्वर, एरवी गावातल्या गावात. दर दोन-अडीच महिन्यांनी पॉइंट (कॉइलचा करंट जोडून-तोडून ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच) घासावे लागतात. केळघर घाटात दोनदा गाडी गपकन बंद पडली आणि अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशा थाटात चालू झाली. आता पॉइंट काढून तेच काम करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचं आहे, पण ऑनलाइन डझनभर किट दिसतात. त्यातलं भरवशाचं कुठलं?

गेली पस्तीस वर्षं मी साताऱ्यात गाड्यांचं वायरिंग आणि इग्निशनचं काम करतो. पद्मिनी, ॲम्बेसेडर, महिंद्राच्या जुन्या जीप, अधूनमधून एखादी हेराल्ड. त्यामुळे नाव सांगून मोकळा झालो असतो, पण तुम्ही एका प्रश्नात दोन दुखणी बांधून आणलीत. पॉइंट जळतात हे एक, आणि घाटात गाडी बंद पडते हे दुसरं. मॉड्यूलनं पहिलं जाईल. दुसरं जाईलच असं नाही, आणि नाही गेलं की तुम्ही मॉड्यूलला शिव्या घालाल.

पॉइंटपासून सुरू करू. डेल्कोची कॅप काढा, रोटर काढा आणि पॉइंट बोटानं उघडून टॉर्चच्या उजेडात बघा. (आपल्या गॅरेजांत डिस्ट्रीब्युटरला, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या भागाला, डेल्को म्हणतात, त्याच्या आत फिरतो तो रोटर; ते खरं तर चार्ल्स केटरिंगच्या कंपनीचं नाव. 1910 च्या कॅडिलॅकला त्यानं ही बॅटरी, कॉइल (बॅटरीचे व्होल्ट ठिणगीपुरते वाढवणारी) आणि पॉइंटची पद्धत दिली. इकडं किर्लोस्करवाडी वसली तीही 1910 सालीच. तेव्हापासून सत्तर-ऐंशी वर्षं जगभर हेच चाललं, म्हणजे पद्धत वाईट नव्हती.) तर पॉइंटच्या एका तोंडावर टेंगूळ आणि समोरच्या तोंडावर तेवढाच खड्डा दिसला, तर दोष पॉइंटचा नाही, कंडेन्सरचा आहे. एका बाजूची धातू उडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसते, कारण पॉइंट उघडताना होणारी ठिणगी कंडेन्सर नीट गिळत नाही. तुम्ही पॉलिश पेपर घेऊन दर दोन महिन्यांनी टेंगूळ घासता आणि कंडेन्सर तसाच ठेवता. मग ते परत येणारच.

तोंडं चांगली आहेत पण गॅप मात्र मिटत चाललाय, असं दिसलं तर वेगळी गोष्ट. पॉइंटची जी टाच कॅमवर, म्हणजे डेल्कोतल्या उंचवट्यांच्या फिरत्या दांड्यावर, घासते ती झिजते आहे. टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागं पडतं. मग गाडी चढाला ओढत नाही, तापते, पेट्रोल जास्त पिते. कॅमवर ग्रीसचा जोंधळ्याएवढा ठिपका लावायचा असतो. तो कोणी लावत नाही, आणि लावला तर एवढा लावतात की उडून पॉइंटच्या तोंडावर बसतो. त्यात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात संपल्या. त्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर पद्मिनीच्या सुट्या भागांचा बाजार चालत होता. आता पाकिटावर जुनं नाव असलेले जे पॉइंट हातात येतात, त्यातल्या कित्येकांची टाच इतक्या मऊ प्लॅस्टिकची असते की पाच-सहाशे किलोमीटरमध्येच गॅप अर्ध्यावर येतो. म्हणून मॉड्यूल बसवायचा तुमचा विचार मला पटतो. दहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर नको म्हणालो असतो.

आता घाटात बंद पडण्याचं. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की लगेच, थंड व्हायच्या आत, कॉइलपासून डेल्कोकडं जाणारी मधली जाड वायर डेल्कोच्या बाजूनं उपसा, सुक्या रबरी मुठीच्या पकडीनं धरा, तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. टक्-टक् करत निळी ठिणगी पडली तर करंट ठीक आहे, तुमचं दुखणं पेट्रोलचं आहे. पंप इंजिनला चिकटून असतो, घाटात दुसऱ्या गिअरवर तासभर चढली की पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती हवा ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाका, पाच मिनिटांत गाडी चालू झाली तर कोडं सुटलं. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत आलंय. ते आपल्याच साखर कारखान्यांतून जातं आणि आपल्याच जुन्या गाड्यांच्या पंपाचे पडदे, रबरी नळ्या मऊ करून परत येतं. तेही तपासा.

ठिणगी पडलीच नाही किंवा पिवळी, मरतुकडी पडली, तर कॉइलला हात लावून बघा. हात ठेवताच चटका बसून मागं घ्यावा लागला तर कॉइल तापल्यावर आतून सोडते आहे. अशी कॉइल थंड असताना मीटरवर अगदी सज्जन दिसते.

(ही वायर उपसून ठिणगी बघायची रीत फक्त पॉइंट असेपर्यंत. मॉड्यूल बसवल्यावर वायर लोंबकळत ठेवून स्टार्टर कधीही मारायचा नाही. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की तो दाब उलटा मॉड्यूलवर येतो. तेव्हा जुना प्लग वायरीला लावून त्याचं लोखंड इंजिनला घट्ट टेकवून बघायचं.)

एवढं झालं की मग मॉड्यूल. आणि मॉड्यूलची निवड कॉइलपासून सुरू होते, हे बहुतेक विक्रेते सांगत नाहीत.

कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढा, मीटर 200 ओहमच्या घरात ठेवा, आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून काय आकडा येतो तो बघा (बहुधा 0.3-0.4) आणि तो वजा करा. मग कॉइलच्या दोन बारीक टोकांमध्ये मोजा. 3 ओहमच्या आसपास आलं तर साधी 12 व्होल्टची कॉइल. 1.5 च्या आसपास आलं तर ती बॅलास्टवाली, म्हणजे वाटेत एक रोधक असायला हवा. आता साधा भागाकार. 3 ओहमवर 12.6 व्होल्ट म्हणजे 4.2 अँपिअर. 1.5 ओहमवर रोधक नसेल तर 8.4 अँपिअर. साधं, पॉइंटच्या जागी आत बसणारं मॉड्यूल चार-पाच अँपिअरसाठी बनवलेलं असतं. त्याला आठ दिले की ते महिना-दोन महिने काढतं आणि मग एका दुपारी जातं. ‘जोरदार ठिणगी’ म्हणून लाल-पिवळी दिमाखदार कॉइल किटबरोबर घेतलेली असते, ती बहुतेक वेळा कमी ओहमची असते. माझ्याकडं मेलेली मॉड्यूलं येतात त्यातली निम्मी अशी गेलेली असतात. मॉड्यूल वाईट नव्हतं, जोडी चुकली होती.

उलटही खरं. जी मॉड्यूलं करंट स्वतः आवरतात, म्हणजे बॉशची किंवा अमेरिकन जनरल मोटर्सनं 1970 च्या दशकात आणलेली एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) जातीची, त्यांना एक ओहमच्याही खालची कॉइल लागते. त्यांना तुमची 3 ओहमची लावली तर काही जळणार नाही, पण एवढा खटाटोप करून ठिणगी पॉइंटच्या वेळचीच राहील.

मग प्रकार कुठले? सगळ्यांत जास्त विकला जातो तो हॉल-इफेक्टचा, म्हणजे चुंबक समोरून गेलेलं ओळखून चालणारा. डेल्कोच्या कॅमवर चार चुंबकांची एक प्लॅस्टिकची रिंग बसते, पॉइंटच्या जागी लहानशी काळी डबी, आणि बाहेर दोन वायरी, लाल आणि काळी. कॅलिफोर्नियाच्या पर्ट्रॉनिक्सचं इग्नायटर, ब्रिटनची ॲक्यूस्पार्क आणि पॉवरस्पार्क, हे त्याच घराण्यातले. दुसरा उजेडावर चालणारा. चकती फिरते, इन्फ्रारेड किरण तुटतो-जुळतो. ल्युमेनिशन हे त्यातलं जुनं ब्रिटिश नाव. टायमिंग त्याचं फार नेमकं, पण डेल्कोत तेलाची वाफ येत असेल तर त्याच्या डोळ्यावर पडदा येतो, आणि आपल्या चाळीस वर्षांच्या डेल्कोत ती येतेच. तिसरा म्हणजे अख्खा डेल्कोच बदलणं, जसं नेदरलँड्सचं 123 इग्निशन. आत वजनं नाहीत, स्प्रिंगा नाहीत, ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणं) इलेक्ट्रॉनिक. वस्तू सुरेख आहे. पण तो मेढ्याच्या पुढं बंद पडला तर त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून करण्यासारखं काहीही नाही, आणि तुमच्या जुन्या डेल्कोची कॅपसुद्धा त्याला बसेल असं नाही.

चौथ्या प्रकाराला हल्ली कोणी विचारत नाही, आणि माझ्या स्वतःच्या जीपला तोच आहे: पॉइंट ठेवायचे, पण कॉइलचा करंट त्यांच्यातून न्यायचा नाही. बाहेर एक ट्रान्झिस्टरची डबी बसवायची. पॉइंटमधून फक्त अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेर करंट जातो, डबीला ‘आता सोड’ एवढं सांगण्यापुरता. तोंडं जळायचा प्रश्नच मिटतो. टाच झिजते ती झिजतेच, म्हणून वर्षातून एकदा गॅप बघावा लागतो. फायदा एकच पण मोठा: डबी गेली तर बॉनेट उघडून दोन वायरी बदलायच्या, कंडेन्सर जोडायचा आणि चालू लागायचं. पावसात, मोबाइलच्या उजेडात हे मी दोनदा केलंय.

आणि हो, ‘मारुती 800 चा डेल्को बसेल का?’ हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. 800 तीन सिलिंडरची, पद्मिनी चार. ते बसवून चौथ्या सिलिंडरला काय सांगणार?

आता निवडीचं. माझा निकष ठिणगीच्या ताकदीचा नाही. चांगले पॉइंट, चांगला कंडेन्सर आणि बरोबर टायमिंग असेल तर 1089 सीसीच्या त्या इंजिनाला जेवढी ठिणगी लागते तेवढी मिळते. 3000 आरपीएमला चार सिलिंडरना मिळून सेकंदाला 100 ठिणग्या लागतात, म्हणजे प्रत्येकीला 10 मिलिसेकंद. त्यातला दोन-तृतीयांश वेळ कॉइल भरायला मिळाला तरी पुरतो. पद्मिनी काही 7000 ला फिरवायची नाही. म्हणून ‘40 हजार व्होल्ट’ वगैरे डब्यावर लिहिलेलं वाचू नका. माझ्या लेखी भरवशाचं मॉड्यूल म्हणजे जे चुकीच्या वागणुकीत तग धरतं, आणि मेलंच तर वाटेत दहा मिनिटांत बाजूला काढता येतं.

चुकीच्या वागणुकीतली पहिली म्हणजे किल्ली ऑन राहणं. ही चूक मी स्वतः केली आहे. माझं पहिलं मॉड्यूल एका गिऱ्हाइकाच्या फियाटला लावलं, किल्ली ऑन ठेवून टायमिंगच्या खुणा शोधत बसलो, मध्ये चहा आला, दोन ओळखीचे आले, गप्पा रंगल्या. इंजिन बंद, किल्ली ऑन, आणि मॉड्यूल कॉइलचा करंट धरून बसलेलं. साडेबारा व्होल्ट आणि चार अँपिअर म्हणजे पन्नास-बावन्न वॅट, हेडलाइटच्या बल्बाएवढी उष्णता एका बंद डब्यात. जळक्या वार्निशचा वास आला तेव्हा उठलो. कॉइलच्या तोंडातून तेल आलं होतं आणि डबीवरचं प्लॅस्टिक फुगलं होतं. नवीन दोन्ही वस्तू माझ्या खिशातून. तेव्हापासून मी विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारतो: इंजिन थांबलेलं असताना किल्ली ऑन राहिली तर मॉड्यूल एक-दोन सेकंदांत स्वतः करंट तोडतं का? ‘हो’ असं कागदावर लिहिलेलं असेल तरच पुढं बोलायचं. ‘किल्ली ऑन ठेवू नका’ असं लिहिलेलं असेल तर ते मॉड्यूल घरात एकटाच माणूस गाडी चालवतो त्याच्यासाठी. वडिलांची गाडी, त्यात मुलं बसून रेडिओ लावणार, तिथं ते टिकणार नाही.

दुसरी वागणूक म्हणजे कमी व्होल्ट. थंड सकाळी, उतरलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारताना व्होल्ट 9 पर्यंत खाली येतात. काही स्वस्त डब्या तिथं डोळे मिटतात. मग स्टार्टर फिरतो, गाडी घेत नाही, आणि किल्ली सोडता सोडता एकदम घेते. हे लक्षण दिसलं की समजायचं. मॉड्यूल 8 व्होल्टपर्यंत चालतं असं लिहिलेलं हवं.

तिसरी म्हणजे उष्णता. हातात घेऊन बघता येतं तेवढं बघा: डबी पूर्ण राळेनं भरलेली आहे का, वायरी साध्या पीव्हीसीच्या आहेत की सिलिकॉन-टेफ्लॉनच्या, वायर डबीतून निघते तिथं तिला आधार आहे का. खालची पट्टी पत्र्याची हवी, नुसत्या प्लॅस्टिकची नको, कारण उष्णता तिच्यातूनच जायची. मी प्रत्येक नवीन मॉड्यूल गाडीला लावायच्या आधी बाकावर तापवतो. एक भंगारातला डेल्को शिकंज्यात धरलाय, त्याचा दांडा ड्रिल मशीननं फिरवायचा, समोर कॉइल आणि चार प्लग. डेल्को इंजिनच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणजे ड्रिल 1500 ला फिरवलं की इंजिनचे 3000 झाले. (डेल्को उलट्या बाजूनं फिरणारा असेल तर ड्रिलही उलटं लावा.) मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर डेल्कोवर धरतो, पंधरा-वीस मिनिटं. एका बिननावाच्या स्वस्त किटच्या चारपैकी दोन डब्या त्या ड्रायरसमोरच गेल्या. थंड झाल्या की परत चालू. तुमच्या घाटातल्या दुखण्यासारखं हुबेहूब. ड्रायरवरून घरात झालेलं भांडण वेगळं.

चौथं म्हणजे ते मॉड्यूल तुमच्या डेल्कोचं आहे का. गाडीचं नव्हे, डेल्कोचं. 1100 डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावं बदलत गेली, इंजिन तेच राहिलं, पण चाळीस वर्षांत कोणत्या मेकॅनिकनं कुठला डेल्को घातलाय हे देव जाणे. डेल्कोच्या अंगावर खोदलेला क्रमांक फडक्यानं पुसून फोटो काढा आणि विक्रेत्याला तो पाठवा. नुसतं ‘पद्मिनीचं द्या’ म्हणालात तर जे शिल्लक असेल ते येईल. किट आलं की रिंग कॅमवर बसवून बघा. ती हातानं हलली तर टायमिंगही हलणार. मग रोटर लावा आणि तो पूर्वी जितका खाली बसत होता तितकाच बसतो का ते बघा. रिंग जाड असली की रोटर दोन मिलिमीटर वर येतो, कॅपमधल्या कार्बनला दाबतो आणि पितळी टोकांना घासतो. कॅपच्या आत पिवळी धूळ दिसायला लागते. ते ‘बसलं’ नाही, ते कोंबलेलं आहे.

पाचवं, अर्थिंगची बाजू. पद्मिनीला बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला असतं, बाजारातली बहुतेक किट तशीच असतात, त्यामुळे तुम्हाला चिंता नाही. पण हे वाचणाऱ्या कोणाकडं साठ सालच्या आतबाहेरची इंग्लिश घराण्यातली गाडी असेल तर बॅटरी आधी नीट बघा. त्यातल्या कित्येकांना पॉझिटिव्ह बॉडीला असतं. तिथं साधं किट जोडलं तर पहिल्या सेकंदाला जातं, आणि ती वस्तू कोणीही परत घेत नाही.

या सगळ्यातून तुमच्यासाठी माझं उत्तर: हॉल-इफेक्टचं, तुमच्या डेल्कोच्या क्रमांकाचं, किल्ली ऑन राहिली तर स्वतः तोडणारं, 3 ओहमच्या कॉइलवर चालणारं. नावाजलेल्या कंपनीचं घ्या, पण कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, कारण या वस्तूंच्या नकला पाकिटासकट मिळतात. वॉरंटीवर फार भिस्त ठेवू नका. पार्सल परदेशात पाठवायचा खर्च निम्म्या किटएवढा होतो. महिन्याला सात-आठशे किलोमीटर घाटात चालवणार असाल तर माझ्यासारखं पॉइंट ठेवून बाहेरची डबी लावा.

आता बसवायच्या आधी एक मोजमाप, आणि हे टाळू नका. सांगलीहून एक ॲम्बेसेडर माझ्याकडं टो करून आली होती. मालकांनी आयात केलेलं महागडं मॉड्यूल लावलेलं, तिसऱ्यांदा बदललेलं, तरी गाडी चालता चालता हिसके देत होती. आधीच्या गॅरेजनं ‘मॉड्यूलच भिकार’ असा निकाल देऊन ठेवला होता. मी मीटर लावला. बॅटरीवर 12.5, आणि कॉइलच्या पॉझिटिव्हवर, किल्ली ऑन आणि करंट वाहत असताना, 9.7. पावणेतीन व्होल्ट वाटेत कुठं जात होते? किल्लीच्या जुन्या स्विचमध्ये आणि फ्यूजच्या हिरव्या पडलेल्या पट्ट्यांत. पॉइंटना हे चालतं, ते कुरकुर न करता कमी करंटवर काम करतात. मॉड्यूलच्या आतल्या सर्किटला ते चालत नाही. एक चार पायांचा रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावला. बॅटरीवरून 10 अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर 30 नंबरला, 87 वरून कॉइलला आणि मॉड्यूलच्या लाल वायरीला, किल्लीकडून येणारी जुनी वायर फक्त रिले ओढायला 86 ला, 85 बॉडीला. व्होल्ट 12.2 झाले.

तरी हिसके पूर्ण गेले नाहीत. मग डेल्को उघडला. आत पॉइंटची पाटी व्हॅक्यूमनं पुढं-मागं सरकते, तिला बॉडीशी जोडणारी कापडी वेष्टणाची बोटभर लांबीची मऊ वायर असते. वरून ती धडधाकट दिसत होती. चिमट्यानं हलकी ओढली तर वेष्टण ताणलं गेलं, आतली तांब्याची तार एकही शाबूत नव्हती. ॲक्सिलरेटर दाबला की पाटी सरकायची, अर्थ सुटायचा, परत जुळायचा. दहा रुपयांची वायर. बाकी ते तिसरं मॉड्यूल त्या गाडीत अजून चालू आहे, आणि पहिली दोन, मला खात्री आहे, ठणठणीत होती.

तुम्ही हेच करा. व्होल्ट मोजताना एक लक्षात ठेवा: पॉइंट मिटलेले असताना मोजायचे, उघडे असतील तर करंट वाहत नाही आणि आकडा खोटा चांगला येतो. पॉइंट मिटलेले नसतील तर गाडी चौथ्या गिअरला टाकून, किल्ली बंद ठेवून, हातानं थोडी ढकला आणि मग मोजा. शिवाय इंजिन चालू करून 2000 च्या आसपास धरा आणि बॅटरीवर बघा: 13.8 ते 14.4 हवेत. 15 च्या वर जात असतील तर रेग्युलेटर गेलाय, तो दुरुस्त होईपर्यंत मॉड्यूल पाकिटातच राहू दे. ढकलस्टार्ट चालेल, पण ट्रकच्या 24 व्होल्टवरून जंप कधी नाही. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या, आणि वेल्डरला ते आपण समोर उभं राहून करायला लावायचं.

डेल्कोचा दांडा हातानं आडवा हलवून बघा. जाणवण्याइतका खेळ असेल तर आधी लेथवाल्याकडून बुश घालून घ्या. कॅपच्या खालची वजनं बहुधा गंजून चिकटलेली असतील. रोटर फिरवून सोडला तर तो स्प्रिंगनं परत आला पाहिजे. ही वजनं अडकलेली असताना जगातलं कुठलंही मॉड्यूल चढाला ओढ देणार नाही.

प्लगच्या वायरी तांब्याच्या असतील तर त्या बदलून रोधकवाल्या, कार्बनच्या घ्या. तांब्याच्या वायरींचा विद्युत गोंगाट हॉलच्या डबीला भलत्या वेळी ठिणगी टाकायला लावतो. कंडेन्सर काढून टाका. प्लगचा गॅप 0.6 वरून 0.7 करायला हरकत नाही, त्यापुढं नको. आपल्या पावसात कॅपला एखादी केसाएवढी चीर असली तर जास्त गॅप ती शोधून काढतो.

मॉड्यूल बसल्यावर जुनं टायमिंग राहत नाही. टेस्ट लॅम्पनं किल्ली ऑन ठेवून बसवायची सवय सोडा (वरची माझी चहाची गोष्ट), टायमिंग लाइट आणा किंवा ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं जा. व्हॅक्यूमची नळी काढून, बोटानं बंद करून, मंद वेगाला बघायचं.

शेवटची गोष्ट डिकीतली. जुने पॉइंट फेकू नका. पॉइंट, कंडेन्सर आणि शक्य असेल तर दुसरी अख्खी पाटी, गॅप लावून तयार, त्याबरोबर रोटर, लहान स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या). माझ्याकडं हे सगळं कंदी पेढ्याच्या पत्र्याच्या डब्यात असतं, आत चिंधी घातलेली म्हणजे खडखडत नाही. घरी अंगणात एकदा मॉड्यूल काढून पॉइंट बसवून गाडी चालू करून बघा, घड्याळ लावून. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागतील, दुसऱ्यांदा पंधरा.

तर आता किट मागवू नका. आधी कॉइलचा ओहम, पॉइंट मिटलेले असताना कॉइलवरचे व्होल्ट आणि डेल्कोवरचा क्रमांक, एवढं मला कळवा. व्होल्ट साडेअकराच्या खाली आले तर या रविवारी रिलेच लावून घ्या आणि एकदा केळघर चढून या. कदाचित तेवढ्यावरच भागेल.